ड्रायव्हर काढायचा की ठेवायचा? गोल्फ खेळणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत दुखणं जवळपास एकच आहे, प्रॅक्टिसला बॉल छान लागतोय पण राउंड खेळायला उतरलं की कार्डावरचा शॉटचा आकडा काही खाली येत नाही, आणि गोल्फमध्ये आकडा कमी तेवढा खेळ चांगला. त्यामुळं ग्रिप, स्विंग, खांदा-कोपर हे सगळं बाजूला ठेवलंय आणि आज फक्त एवढंच बघू की कुठला क्लब (बॉल मारायची काठी, त्यातली सगळ्यात लांब मारणारी म्हंजे ड्रायव्हर) काढायचा, कुठं बघून मारायचं आणि कुठं गप्प बसायचं.

प्रश्न: सर, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालोय, आता गणेशपूरला असतोय. ड्रायव्हर नीट लागला की 220 यार्डच्या पुढं जातोय, तरी स्कोअर 100 च्या खाली येईना झालाय, 102, 104, कधी 108. स्विंग बदलू का क्लबच नवीन घेऊ? सांगा की काहीतरी.
(एक माजी सुभेदार)

सुभेदार साहेब, दोन्हीला हात लावू नका. तुम्ही नोकरीभर फायरिंग रेंजवर ग्रुपिंग बघितलंय. पाच गोळ्या मारायच्या, टार्गेटवर झुबका कुठं पडला ते बघायचं आणि मग साइट हलवायची, एक गोळी बुलला लागली म्हणून रायफल झिरो झाली, नेम जुळला असं तिथं कुणी म्हणत नाही. गोल्फमध्ये मात्र आपण एक गोळी धरून बसतो. गेल्या महिन्यात एकदा बॉल सरळ 230 गेला होता ना, तोच आपला ड्रायव्हर असं मनात पक्कं होतं आणि प्रत्येक टीवर (होल सुरू करायच्या जागेवर) तोच शॉट लागणार असं धरून आपण उभे राहतो.

जरा हिशोब बघा. बॉल 220 यार्ड गेला आणि दिशा फक्त 5 अंश चुकली तर तो 19 यार्ड बाजूला पडतो. 10 अंश चुकली की 38-39 यार्ड. फेअरवे (टीपासून पुढं जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) साधारण 30 ते 40 यार्ड रुंद असतो, म्हंजे मधून बघून मारलं तरी दोन्ही बाजूला फार तर 20 यार्ड हातात. तुमचा आमचा ड्रायव्हर 10 अंश सहज चुकतो, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, टूरवरचे, म्हंजे व्यावसायिक स्पर्धांतले लोकसुद्धा फेअरवे चुकवतातच. प्रश्न एवढाच की चुकल्यावर बॉल कुठं पडतो. रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) पडला तर खेळता येतो. आउट ऑफ बाउंड्स, कोर्सच्या हद्दीबाहेर गेला तर पेनल्टी (एक जादा शॉट) घेऊन परत टीवरूनच मारायचं, तो तिसरा शॉट, आणि तोही गेला की त्या होलचा निकाल तिथंच लागला.

म्हणून पहिलं काम, पुढच्या काही राउंडमध्ये ड्रायव्हरचा प्रत्येक बॉल कुठं पडला ते कार्डाच्या कोपऱ्यात लिहा, डावीकडं, मधे, उजवीकडं, आणि अंदाजे किती. चांगला-वाईट लिहू नका, फक्त जागा. थोड्या दिवसांत तुमचं ग्रुपिंग कागदावर दिसायला लागेल. बहुतेकांचा झुबका उजवीकडं झुकलेला असतो, स्लाइसमुळं, म्हंजे बॉल हवेत उजवीकडं वळत जातो त्यामुळं. मग फेअरवेच्या मधे बघून मारायचंच नाही, डाव्या कडेला बघून मारायचं, म्हंजे झुबक्याचा मध्य फेअरवेवर येतो. आणि उजवीकडं कुंपण किंवा पाणी असेल तर टी मार्करच्या उजव्या टोकाला बॉल लावा, तिथनं डावीकडं बघून मारायला मोकळी जागा जास्त मिळते. हे फुकटचं आहे, तरी फार थोडे लोक करतात.

दुसरं, 99 म्हंजे नेमकं किती हे एकदा मांडून बघा. पार (अठरा होलसाठी ठरलेले शॉट) 72 असला तर 27 वर. 9 बोगी (होलच्या पारपेक्षा एक शॉट जास्त) आणि 9 डबल बोगी (दोन जास्त) झाल्या तरी 99 होतात, एकसुद्धा पार नको. तुमचं 104 चं कार्ड काढा आणि त्यातले 8 आणि 9 चे आकडे शोधा, पार वाढवून तुमचा स्कोअर सुधारणार नाही, ते दोन-तीन आठ-नऊ गेले की झालं.

मात्र लगेच ड्रायव्हर बॅगेत घालून सगळीकडं 7 आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) काढू नका, तो सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या शॉटन् शॉटची आकडेवारी तपासली, तेव्हा चांगला आणि साधारण खेळाडू यांच्यातला जवळपास दोन तृतीयांश फरक 100 यार्डांच्या बाहेरच्या शॉट्समुळं पडतो असं दिसलं. म्हंजे लांबी कामाची आहेच. जिथं तुमच्या अख्ख्या झुबक्यात कुंपण नाही, पाणी नाही, दाट झाडी नाही, तिथं ड्रायव्हर बिनधास्त काढा, रफमध्ये गेला तरी पुढं गेलाय. जिथं झुबक्याची एक बाजू कुंपणाबाहेर पडतीय तिथं हायब्रिड नाहीतर 5 वुड, ड्रायव्हरपेक्षा कमी जाणारे पण भरवशाचे क्लब. होल बघून ठरवा, मूड बघून नको.

प्रश्न: मी टिळकवाडीत राहते, मुलं मोठी झाल्यावर गोल्फ सुरू केलं. ड्रायव्हर 150 यार्डच्या पुढं जात नाही. बरोबरचे सगळे सांगतात जोर लावा, जोर लावला की बॉल कुठंही जातो. माझ्यासारखीनं काय करायचं?
(एक वाचक, टिळकवाडी)

ताई, जोर लावू नका. आपल्याच कर्नाटकातली, बेंगळुरूची गोल्फर अदिती अशोक आठवा. टोकियो ऑलिम्पिक, 2021 चा ऑगस्ट. लांबीच्या बाबतीत ती तिथल्या अगदी शेवटच्या खेळाडूंपैकी होती, बाकीच्या जणी तिच्या बॉलच्या बऱ्याच पुढं जाऊन थांबायच्या, तरी चार राउंड संपले तेव्हा ती 15 अंडर पारवर (पारपेक्षा 15 शॉट कमी) चौथी होती. नेली कोर्डानं 17 अंडरला सुवर्ण घेतलं आणि 16 अंडरवर मोने इनामी आणि लिडिया को यांच्यात रौप्यासाठी प्लेऑफ (बरोबरी सोडवायला जादा खेळ) झाला, म्हंजे अदितीचं पदक एका शॉटनं हुकलं. जगातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्या बायकांच्या मधे राहून ती तिथपर्यंत गेली ती पटिंगवर (बॉल घरंगळत भोकात घालण्यावर) आणि ग्रीनच्या, म्हंजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या आसपास एकही शॉट वाया न घालवण्यावर.

तुमच्यासाठी मी एक होल मांडून दाखवतो. 380 यार्डांचा पार 4. कार्डावर 4 छापलंय म्हणून मनात येतं की दोन शॉटमध्ये ग्रीनवर पोचायलाच पाहिजे, आणि तिथंच जोर सुरू होतो. तुम्ही त्याला स्वतःसाठी पार 5 करा. टीवरून 150. उरले 230. आता 3 वुड काढून जीव तोडून मारण्यात अर्थ नाही, ते पोचणार नाहीच, तर जो क्लब तुम्हाला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो त्यानं 130, मग तो हायब्रिड असू दे नाहीतर 7 वुड. उरले 100. तिसरा शॉट ग्रीनच्या मधे बघून, झेंडा कुठंही असला तरी. तो ग्रीनवर बसला तर दोन पट (ग्रीनवरचे घरंगळते शॉट), 5 झाले. ग्रीनच्या थोडा आधी राहिला तर एक चिप (छोटा उचललेला शॉट), दोन पट, 6. म्हंजे काहीही विशेष न करता बोगी, आणि एक शॉट फसला तरी डबलच्या पुढं नाही. अठरा होलवर अशा बोग्या पडल्या तर 90 होतात, ताई, तुम्हाला जोर लावा म्हणणाऱ्यांपैकी कितीजण 90 खेळतात ते एकदा त्यांची कार्डं बघून ठरवा.

आणि पुढच्या, म्हंजे ग्रीनच्या जवळ असलेल्या टीवरून खेळा. पुढचे टी त्यासाठीच असतात, त्यात कमीपणा नाही, पुरुषांनीसुद्धा 200 च्या आत मारत असतील तर पुढं यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: माझा उद्यमबागेत कास्टिंगचा कारखाना आहे, रविवारी खेळतो. बॉल झाडीत गेला की माझे दोन-तीन शॉट तिथंच जातात. समोर फट दिसते आणि मारल्याशिवाय राहवत नाही.
(एक उद्योजक, बेळगाव)

फट दिसते हेच खरं दुखणं आहे. आपल्या बेळगावच्या कॅम्पकडच्या गोल्फ कोर्सची झाडी सगळ्यांना माहीत आहे, 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या त्यात शिरला तेव्हा हत्ती मागवून शोधलं तरी तो हाती लागला नव्हता आणि आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद होत्या. अशा झाडीत बॉल सापडला हेच नशीब समजायचं.

आता बॉलपाशी उभं राहून बघा. दोन बुंध्यांच्या मधे चार फुटांची फट, त्याच्या पलीकडं ग्रीन. फट तुमच्यापासून 20 यार्डांवर असेल तर मधून मारताना दोन्ही बाजूला दोन-दोन फूटच मिळतात, म्हंजे चूक फक्त 2 अंशांच्या आत पाहिजे, तीही वाळक्या पानांवरून, वरती फांदी असताना, अर्ध्या बॅकस्विंगनं. मोकळ्या फेअरवेवरून 10 अंश चुकणारा माणूस इथं 2 अंशांवर पैज लावतोय. मग मागं वळून बघा, कुठंतरी 20-25 फूट मोकळं असतंच, बाजूला किंवा थेट मागच्या बाजूला. 7 आयर्न घ्या, ग्रिप थोडी खाली धरा, पटसारखा छोटा स्विंग आणि बॉल फेअरवेवर. एक शॉट गेला, होल राहिला.

हे न केल्यावर काय होतं त्याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हंजे 1999 चं ब्रिटिश ओपन, कार्नुस्टी. जाँ वान द वेल्द शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन शॉटनं पुढं होता, 6 झाले तरी जिंकणार होता. त्यानं टीवर ड्रायव्हर काढला, तो उजवीकडं गेला पण वाचला. तिथनं छोटा शॉट मारून थांबायचं सोडून त्यानं 2 आयर्ननं ग्रीन गाठायचं ठरवलं, बॉल प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून उडाला आणि गवतात गेला, गवतातला ओढ्यात, मग बंकर (वाळूचा खड्डा), आणि शेवटी 7. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. हातात आलेली ट्रॉफी गेली.

नियमातल्या काही गोष्टी ध्यानात ठेवा, त्यानं शॉट वाचतात. 2019 पासून बॉल शोधायला 3 मिनिटंच मिळतात, आधी 5 होती. म्हणून टीवरून बॉल झाडीत जाताना दिसला की पुढं चालत जायच्या आधीच ‘प्रोव्हिजनल खेळतोय’ असं तोंडानं सांगून दुसरा बॉल मारा, पहिला हरवला तर तो धरायचा. आणि बॉल सापडला पण खेळण्यासारखा नाही असं वाटलं तर अनप्लेएबल घ्या, एक पेनल्टी. दोन क्लब-लेंथच्या आत होलच्या जवळ न जाता ड्रॉप करा, किंवा होल आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागं पाहिजे तितकं जा, किंवा आधीच्या जागेवरून परत मारा. एक पेनल्टी दिली म्हणजे हरलो असं नाही, बुंध्यावर आपटून परत पायाशी आलेला बॉल त्याच्यापेक्षा महाग पडतो.

प्रश्न: दादा, मी निपाणीचा, बेळगावात इंजिनीअरिंगला आहे, मामा मला खेळायला घेऊन जातो. पार 5 वर दुसऱ्या शॉटला ग्रीन ट्राय करावं का? सगळे म्हणतात लेअप कर, ग्रीनच्या अलीकडं थांब.

तुझा ड्रायव्हर 240 जातो असं पत्रात पुढं लिहिलंयस आणि 3 वुड चांगला बसला की 210. होल 500 यार्डांचा धरला तर 260 उरतात. म्हंजे ट्राय करायचा प्रश्नच येत नाही रे, ते पोचत नाही. प्रश्न हा आहे की पुढं किती सरकायचं.

इथं दोन्ही बाजूंनी बोलणारे बरोबर आहेत. झॅक जॉन्सननं 2007 चं मास्टर्स जिंकलं तेव्हा आठवडाभर एकाही पार 5 वर त्यानं दोन शॉटमध्ये ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही, दर वेळी थांबला, वेज (जवळून उंच मारायचा क्लब) मारला, आणि त्या सगळ्या पार 5 मिळून 11 अंडर खेळला. पण त्याचा वेज जगातल्या उत्तम वेजपैकी होता आणि मास्टर्स जिथं होतं त्या ऑगस्टाला दोन पार 5 वर ग्रीनच्या पुढं पाणी आहे. तुझ्यासमोर मोकळं मैदान असेल तर 100 यार्डांवर मुद्दाम थांबण्यापेक्षा 50 यार्डांवर जाऊन पोचणं सरासरीनं फायद्याचं असतं, जवळून मारलेला बॉल जवळच बसतो. बंकर, पाणी, अरुंद वाट असं काही मधे असेल तर त्याच्या अलीकडं थांब, आणि अलीकडं म्हंजे दहा यार्ड नाही, चांगला लागलेला शॉटसुद्धा तिथं पोचणार नाही एवढं.

प्रश्न: खानापूर भागातला आहे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात माझा खेळ एकदम वेगळा होतोय, क्लबचा अंदाजच लागत नाही.

अंदाज लागणार नाहीच, कारण मैदान तेच असलं तरी खेळ वेगळा असतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडं जमीन पाणी पिऊन बसलेली असते, बॉल जिथं पडतो तिथंच राहतो, पुढं घरंगळत नाही. म्हणून हवेतून किती जातो तेवढाच आकडा धरायचा आणि एक क्लब जास्तच, म्हंजे एक पायरी लांब जाणारा घ्यायचा. समोरून वारा असेल तर दोन, पण स्विंग सावकाश, कारण वाऱ्यात नेटानं मारलं की स्पिन वाढतो आणि बॉल वर चढून आहे तिथंच खाली येतो. फेअरवेवर बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर पेनल्टीशिवाय रिलीफ (बॉल उचलून ड्रॉप करायची मुभा) मिळतो, साचलेल्या पाण्यातूनही मिळतो, लोक उगाच चिखलातून मारत बसतात.

दिवाळीनंतर चित्र उलटं. मार्चपर्यंत तांबडी जमीन ठणठणीत होते, ड्रायव्हर वीस-तीस यार्ड पळतो, आणि ग्रीनवर थेट टाकलेला बॉल उसळून ग्रीनच्या पलीकडं जातो. तेव्हा ग्रीनच्या आधी टप्पा टाकायचा आणि पळू द्यायचं. ग्रीनच्या आसपास सँड वेज ठेवून द्या, 8 आयर्ननं खालून सरपटत न्या.

काहीजण विचारतात की गोव्यात समुद्राकाठी खेळलं की बॉल कमी जातो का. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळं इथं दोन-तीन टक्के जास्त जातो, 150 यार्डाला चार-पाच यार्ड. जेमतेम अर्धा क्लब. त्याची फार काळजी नको.

एप्रिल-मे मधल्या वळवाची मात्र काळजी करा. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, विजेच्या धोक्यासाठी थांबायची मुभा नियमातच आहे, आणि झाडाखाली उभं राहू नका.

प्रश्न: तीन-तीन पट पडतात. रोज छोट्या पटची प्रॅक्टिस करतो तरी.
(एक बँक कर्मचारी, शहापूर)

कारण तीन पटचं मूळ पहिल्या पटमध्ये असतं. टूरवरचे खेळाडूसुद्धा 8 फुटांचे पट निम्मेच घालतात. तुम्ही 30 फुटांवरून पहिला पट 8 फूट लांब ठेवला तर दुसरा निम्म्याहून जास्त वेळा चुकणारच. प्रॅक्टिसचा अर्धा वेळ 30-40 फुटांना द्या, होलमध्ये घालायला नाही, तीन फुटांच्या आत थांबवायला. आणि ग्रीनकडं मारताना बॉल झेंड्याच्या खालच्या बाजूला राहील असं बघा, चढावरचा पट जोरात मारता येतो.

प्रश्न: मी कॅडी आहे, खेळाडूंच्या बॅगा उचलतो, जवळच्या गावचा. साहेब लोकांना क्लब सांगतो, ऐकत नाहीत, आणि बॉल पाण्यात गेला की मलाच बोलतात. कसं सांगू?

भावा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कोर्स तुझ्याइतका त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आणि नियमसुद्धा तुझ्या बाजूनं आहे, स्पर्धेत कुठला क्लब घेऊ असं दुसऱ्या खेळाडूला विचारलं तर दोन शॉटची पेनल्टी बसते, कॅडीला मात्र खुशाल विचारता येतं. हे या सदराच्या सगळ्या वाचकांना सांगतो, बरोबर कॅडी असेल तर त्याला विचारा, नीट आदरानं विचारा, आणि त्यानं सांगितलेला क्लब तुम्ही मारलात तर त्यानंतरचा बॉल तुमचा, त्याचा नाही.

तुला सांगण्याच्या पद्धतीत दोन-तीन बदल सुचवतो. ‘साहेब, डावीकडं पाणी आहे’ असं शेवटच्या क्षणी म्हणू नकोस, माणूस क्लब हातात घेऊन उभा असताना पाणी ऐकलं की डोळे तिकडंच जातात. कुठं मारायचं ते सांग, ‘त्या दुसऱ्या निलगिरीकडं बघून’, एवढंच. क्लब सांगताना नुसतं ‘7 आयर्न’ नको, कारण जोड, ‘झेंड्यापर्यंत 140, पण मागं जागा आहे आणि पुढं बंकर, 6 घ्या’. पुढं कमी पडणं हीच बहुतेक हौशी खेळाडूंची सवय असते, त्यामुळं शंका आली की मोठा क्लबच सांग, तू बहुतेक वेळा बरोबर ठरशील.

आणि एक छोटी वही खिशात ठेव. प्रत्येक होलवर एखादं झाड, बंकरची कड, पाण्याचा काठ अशा खुणा धर आणि तिथनं ग्रीनच्या मधापर्यंत किती यार्ड ते पावलांनी मोजून लिही, तुझं पाऊल एक यार्डाचं आहे का ते आधी टेपनं तपास. तुझे नेहमीचे साहेब कोण आणि त्यांचा कुठला क्लब खरंच किती जातो तेही लिही, ते सांगतात ते नको, तू बघितलंस ते. पावसाळ्याचे आकडे वेगळ्या पानावर.